नावानं अडवलेलं पाणी

भूजला जायचं ठरलं ते पांढऱ्या रणासाठी. बायकोला ऑफिसातल्या कुणीतरी चांदण्यातल्या मिठाचे फोटो दाखवले होते, मुलाला नाताळची सुट्टी होती, आणि पुण्याहून भूजला सरळ रेल्वे जाते हे कळल्यावर बेत पक्का झाला. आईला सोबत न्यावं असं मनात होतं, पण ती तयार होईल असं वाटत नव्हतं. गुडघे, गोळ्या, गाडीतलं जेवण, नको म्हणायला तिच्याकडे कारणं कमी नसतात. या वेळी तिने एवढंच विचारलं,

"कच्छ म्हंजे, तितं बी झालता त्योच मुलूख नव्हं?"

'भूकंप' हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. 'झालता' म्हटलं की पुरतं.

"व्हय माय, त्योच."

"मग येते की मी बी."

आम्ही मूळचे मंगरूळचे. तालुका औसा, जिल्हा लातूर, किल्लारीच्या पंचक्रोशीतले. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून वडील उशिरा आले आणि घरात उकडतं म्हणून मारुतीच्या पारावरच आडवे झाले. मीही हट्टाने त्यांच्याजवळ झोपलो. घरात आई, आज्जी आणि पाच वर्षांची बहीण. आईला दिवस चांगला वर आल्यावर दगडांखालून काढलं, उजवं पाऊल चेचलेलं. त्या दोघी नंतर सापडल्या. पुढे भारतीय जैन संघटनेने आमच्या भागातली बाराशे मुलं शिकायला पुण्याजवळ वाघोलीला आणली, त्यात मी होतो. म्हणून आज पुण्यात आहे. हे सगळं मी नेहमी एवढ्याच चार ओळींत सांगतो. इतक्या वेळा सांगून झालंय की आता त्या ओळी कुणा दुसऱ्याच्या वाटतात.

तर भूज. गाडी भचाऊवरून जाते. २००१ च्या भूकंपाचं केंद्र याच भागात होतं, चोबारी गावाजवळ. खिडकीतून काय दिसणार? रुंद रस्ते, नवी घरं, वेड्या बाभळी. आईने बाभळी बरोबर ओळखल्या. "ही हितं बी हाय," म्हणाली. आमच्या जुन्या गावठाणावर ३० वर्षांत हेच झाड माजलंय, कुणाचं घर कुठं होतं ते आता बाभळीच्या हिशेबाने सांगावं लागतं.

रण पाहून झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी लिहीत नाही. परतीच्या आदल्या दिवशी दुपारी स्मृतिवनाला निघालो. भूज शहराला लागूनच भुजियो डोंगर आहे, माथ्यावर जुना किल्ला, नागदेवतेचं देऊळ. या डोंगराच्या अंगाखांद्यावर ४७० एकरांत हे स्मारक पसरलंय. २८ ऑगस्ट २०२२ ला ते खुलं झालं. रिक्षातून उतरताना गुजराती पाट्या मी मुलाला वाचायला लावल्या. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ नाही एवढं सोडलं तर बरंचसं आपलंच, हे त्याला अर्ध्या तासात जमलं.

जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. आधी डोंगर की आधी संग्रहालय, असा प्रश्न पडतो. आम्ही आधी संग्रहालयात गेलो, कारण ऊन होतं. त्यात तीन तास गेले आणि डोंगरासाठी जेमतेम दीड तास उरला. उलटं केलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं, कारण ज्यासाठी गेलो होतो ते डोंगरावर होतं. पण हे आधी कुठं ठाऊक होतं?

संग्रहालय एका इमारतीत कोंबलेलं नाही. डोंगराच्या चढाला धरून एकापुढे एक दालनं वर चढत जातात. सात विषय, सात भाग. पहिल्यात पृथ्वी कशी घडली तिथपासून सुरुवात. दुसऱ्यात गुजरातची जमीन आणि तिच्यावर येणारी संकटं. इथे मी रेंगाळलो. कच्छला भूकंप नवा नाही. १८१९ च्या भूकंपात रणाच्या उत्तरेला जमीनच उचलली गेली आणि मैलोन्मैल लांब बांध तयार झाला, लोक त्याला अल्लाबंद म्हणतात, माणसाने न बांधलेला बांध म्हणून. १९५६ मध्ये अंजार हादरलं. भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात कच्छ पाचव्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात. आणि आम्ही? आम्ही तेव्हा सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होतो. दख्खनचा पत्थर, हलणार कसा, असा समज. १९९२ पासून जमीन गुरगुरत होती, भांडी वाजत होती, लोक तक्रारी करत होते, तरी नकाशा तो नकाशाच. पुढे २००२ मध्ये तो बदलला आणि लातूर तिसऱ्या पट्ट्यात गेलं. बदलून मिळालं, एवढंच म्हणायचं.

तिसरं दालन २६ जानेवारी २००१ चं. सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. प्रजासत्ताक दिन, शाळांची मुलं झेंड्यासाठी बाहेर. इथे बायको पुढे निघून गेली. आई मात्र प्रत्येक फोटोपुढे थांबत होती, आणि माणसांकडे नाही, भिंतींकडे बघत होती.

"दगड-मातीचंच की बांधकाम," ती म्हणाली.

"काही काही. शहरात सिमेंटच्या इमारती पण पडल्या."

"आमच्यावानी माळवदं हुती का पर?"

माळवद म्हणजे काय हे आता पुण्यात सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगतो. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा जाड थर, असं सपाट छप्पर. उन्हाळ्यात घर गार राहतं. पावसाळ्यात गळतं, म्हणून दर वर्षी मिरगाच्या आधी वर पांढरी माती टाकायची, चोपायची. जुनी कुणी काढत नाही, नवी तेवढी पडत जाते. आज्जीच्या लग्नापासून मी नऊ वर्षांचा होईपर्यंत आमच्या डोक्यावर किती माती चढली असेल याचा हिशेब मी इंजिनिअरिंगला गेल्यावर एकदा केला होता आणि वही बंद करून ठेवली होती. खाली दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, मातीत रचलेले गोल दगड, आतली आणि बाहेरची रांग एकमेकींना न बांधलेली. ३ वाजून ५६ मिनिटांनी भिंती फुगून फुटल्या आणि ती सगळी वर्षं एकदम खाली आली. किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर, कच्छची साडेसातच्या वर. तरी आमच्याकडे हजारो माणसं गेली ती या मातीमुळे.

चौथ्या दालनात पुनर्वसन आहे. इथे सरकारी कौतुक भरपूर आहे, ते गृहीत धरून बघायचं. पण एक गोष्ट मला खरंच अडकवून गेली. आमच्याकडे ५२ गावं उचलून नव्या जागी बसवली. जमीन नसलेल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. सरळ रेषेतले रस्ते, शहरासारख्या ओळी. घरं मजबूत, यात वाद नाही. पण गल्ली राहिली नाही, शेत लांब पडलं, बैल बांधायला जागा नाही, आणि कैक वर्षं लोक स्लॅबचं घर कुलूप लावून समोर पत्र्याच्या शेडमध्ये झोपले. आमचे वडील अकरा वर्षं झोपले. कच्छमध्ये किल्लारीचा अनुभव तपासून बघितला गेला आणि बहुतेक गावांत लोकांना त्यांच्याच जागी, त्यांच्याच हाताने घर बांधायला हप्त्याहप्त्याने पैसे दिले, भूकंपाला टिकेल असं बांधा एवढी अट घालून. म्हणजे आम्ही शिकलो ते दुसऱ्यांच्या उपयोगी आलं. बरं वाटायला हवं होतं. मला थोडा हेवाच वाटला.

मग सहावं दालन. इथे भूकंपाचा अनुभव देणारं थिएटर आहे, पायाखालची फरशीच हलते. बाहेर रांग होती. रांगेत एक शाळेची सहल, मुलं आधीच हलून दाखवत होती. दारावरच्या मुलाने आईच्या पायाकडे, मग चेहऱ्याकडे पाहिलं आणि हृदयाचा त्रास, रक्तदाब असेल तर आत जाऊ नका म्हणून हिंदीत सांगितलं. मला हायसं वाटलं.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"बीपीवाल्यांनी जाऊ नये म्हणतोय."

"मी जाऊन आल्याली हाय म्हणून सांग त्येला."

मी सांगितलं नाही. ती बाहेरच्या बाकावर बसली, बायको तिच्याजवळ थांबली, मी आणि मुलगा आत गेलो.

अंधार झाला. पडदे उजळले. मग जमीन हलली, चहूबाजूंनी कडाडण्याचे आवाज. यंत्र म्हणून बघितलं तर फार चोख काम आहे. शाळेची मुलं ओरडली, मग हसली, मग पुन्हा ओरडली. मी स्वतःकडे लक्ष ठेवून होतो की आता काही होईल, छातीत धडधडेल, रडू येईल. काहीच झालं नाही. मी फरशीखाली काय यंत्रणा असेल याचा विचार करत होतो. दिवे लागले तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, सोडा ना." मी त्याच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली होती. वरचं बटण तुटून खाली पडलं होतं, ते आम्ही शोधलं, सापडलं नाही.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "आवाज आधी आला का हालणं आधी?"

मी आठवलं. "बरोबरच आलं. दोन्ही एकदम."

"मग ते खरं न्हाई," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

आमच्या गावातलं कुणीही हेच सांगेल. आधी आवाज. जमिनीच्या पोटातून, जणू दगडांनी भरलेली मालगाडी खालून जातेय. मग एक क्षण काहीच नाही. मग हादरा. याला शास्त्रात कारण आहे, भूकंपाची पहिली लाट वेगाने येते आणि ती मुख्यतः घरघर ऐकवते, घर पाडणारी लाट तिच्या मागून येते. केंद्राजवळच्या गावांत दोघींमध्ये सेकंद-दोन सेकंदांचं अंतर. त्या अंतरात आज्जी "उठा गं" म्हणाली होती. आई हे आयुष्यात एकदाच बोललीय, वडील गेले त्या रात्री.

सातवं दालन श्रद्धांजलीचं. शांत, अंधारं. चांगलं आहे. आम्ही हात जोडले आणि बाहेर पडलो.

आता डोंगर. उन्हं कलायला लागली होती. वाट वळणावळणाने चढते आणि वाटेवर जागोजागी पाण्याची तळी आहेत. डोंगरावरून वाहून जाणारं पाणी पायरीपायरीने अडवणारे बंधारे, असे एकूण ५०. आणि या तळ्यांच्या भिंतींवर पाट्या आहेत. पाट्यांवर नावं. १२,९३२ नावं.

मी माहिती वाचून गेलो होतो, आकडा ठाऊक होता. तरी पहिल्या पाटीपुढे पाय थबकले. एकाच आडनावाची नावं ओळीने येतात, पाच, सहा, सात, मग दुसरं आडनाव. ती वाचताना घर किती मोठं होतं हे आपोआप कळतं. आईचा चष्मा हॉटेलवर राहिला होता. ती म्हणाली, वाच. मी वाचत गेलो. पाचदहा वाचून थांबलो की ती म्हणायची, "फुडं." तिला त्या नावांतलं कुणीही ओळखीचं नव्हतं. मुलगा कंटाळून पुढे गेला, बायको त्याच्यामागे. एक पाटी संपल्यावर आईने पाण्याकडे पाहिलं. डिसेंबर असूनही तळात बऱ्यापैकी पाणी होतं, वर शेवाळाची साय, एक टिटवी कडेकडेने चालत होती.

"हे पानी पावसाचंच का?"

"व्हय. डोंगराचं पाणी अडवलंय. भोवती झाडं लावलीत, त्यांच्यासाठी. गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं एक झाड, अशी मूळ कल्पना."

ती कितीतरी वेळ गप्प होती. मराठवाड्यातल्या बाईला अडवलेलं पाणी दिसलं की ती आधी खोली मोजते, तशी नजरेने मोजत होती. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं तेव्हा ती लातुरात मावशीकडे होती, घागर घेऊन रांगेत. मग म्हणाली,

"आपन मेल्याच्या नावानं पानी सोडताव. ह्येंनी अडवलंय. ब्येस केलं."

बस्स, इतकंच. पण नंतर मी त्या जागेबद्दल जे काही वाचलं, वास्तुरचनेची पारितोषिकं, जगातल्या सुंदर संग्रहालयांच्या यादीत आलेलं नाव, त्यात मला याहून नेमकं काही सापडलं नाही.

थोडं वर गेल्यावर एक सुरक्षारक्षक बाई भेटली. पन्नाशीची, खाकी स्वेटर, डोक्यावर ओढणी. आई दम खायला टेकली तशी ती जवळ आली आणि पाणी पुढे केलं. गुजरातीत, बहुधा कच्छीत, काहीतरी विचारलं. आईने मराठीत उत्तर दिलं. मी मध्ये पडून दुभाषा व्हायला निघालो तर दोघींनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. आईने बूट काढून पाऊल दाखवलं. बाईने वाकून त्या व्रणावरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग डोंगराखाली शहराकडे बोट केलं, जुन्या भुजाच्या दिशेला, आणि पंजा उघडून चार बोटं दाखवली. आईने दोन दाखवली. बाईने मान हलवली. मग तिने हाताने कमरेएवढी उंची दाखवून भुवया उडवल्या, म्हणजे लहान होतं का? आईने तेवढीच उंची दाखवली, मग हात जरासा खाली घेऊन दुरुस्ती केली.

दोघी तिथेच बसून राहिल्या. मी पुढच्या पाटीकडे गेलो, कारण तिथे माझं काही काम नव्हतं.

आमच्याकडे स्मारक नाही असं नाही. किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे. दर ३० सप्टेंबरला तिथे पुष्पचक्र वाहतात, पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात. आई एकदाच गेली. भाषणं लांबली, मांडवातल्या खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या, ही चेचल्या पायावर तासभर उभी राहिली आणि अर्ध्यातून परत आली. पुन्हा गेली नाही. फैरींचा आवाज तिला सोसत नाही हे मला आता लक्षात येतंय. तिचं स्मारक म्हणायचं तर एकच, दाराला आतून कडी न लावणं. पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही ती आपल्या खोलीचं दार नुसतं लोटून झोपते.

बहिणीचं तर कुठे काही नाहीच. त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस पाऊस लागला होता. लाकूड कुठलं आणणार? पडलेल्या घरांच्याच तुळया आणि खांब ओढून काढले आणि त्यांच्यावरच एकत्र सरणं रचली. ज्याचं घर त्याचंच लाकूड, असंही जमलं नाही. कोण कुठल्या सरणावर गेलं हे सांगणारं कुणी शुद्धीवर नव्हतं.

अंजारलाही जायचा विचार होता. तिथे प्रभातफेरीत निघालेली १८५ मुलं आणि २० शिक्षक अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या इमारतींखाली गेले, त्यांच्यासाठी वीर बालक स्मारक बांधलंय. आईला तिथे न्यायची माझी हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर स्वतः जायचीही नव्हती. स्वेटरची गाठ कमरेला बांधून मुलगा पुढे उड्या मारत चालला होता. सूर्यास्त बघितला, खाली उतरलो, चौकात दाबेली खाल्ली. आईला ती फार गोड लागली.

परतीच्या गाडीत रात्री सगळे झोपल्यावर तिने मला हलवलं. गाडी कुठल्याशा स्टेशनात उभी होती.

"तुझ्या मोबाइलमदी लिव्हता येतंय नव्हं मराठीत?"

"येतंय की."

"मग लिव्ह. आपल्या गल्लीचं. वेशीकडून सुरू कर."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. एकेक घर, दारावरून दार. कुठे जोत्याला किती पायऱ्या होत्या, कुणाच्या दारात लिंब होता, तेही मध्येमध्ये. त्यातली निम्मी नावं मी ३० वर्षांत ऐकली नव्हती. काहींची पूर्ण नावं तिलाही ठाऊक नव्हती, बायका एकमेकींना गावाच्या नावानेच हाक मारायच्या, औरादवाली, निलंग्याची. मी तसंच लिहिलं. आज्जीचं नाव सांगताना ती जरा अडखळली, सासूचं नाव तिने कधी तोंडाने घेतलं नव्हतं. बहिणीचं मी न विचारता लिहिलं. एकेचाळीस झाली तेव्हा बाहेर फटफटायला लागलं होतं.

सुताराच्या घराशी ती थांबली.

"त्येंच्या थोरल्या सुनंचं लेकरू हुतं. आठ दिसाचं. बारसं ऐतवारी करायचं ठरल्यालं."

मी बोट पडद्यावर धरून बसलो.

"काय लिहू?"

तिने खिडकीकडे तोंड केलं. चहावाला येऊन गेला. समोरच्या बर्थवर मुलाने कूस बदलली.

"लिव्ह की," ती म्हणाली. "सुतारनीचं लेकरू. बेचाळीस."